विश्वासाचं माणूस

स्वरूप साळवीची लाल गाडी पुन्हा बंद पडली, ही बातमी गाडीच्या आधी शमिकाच्या गॅरेजात येऊन पोचली. रत्नागिरीत असंच असतं. पावसला कोणी शिंकलं तर भाट्याहून तब्येतीची चौकशी होते. आणि ही तर दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून पळणारी जर्मन गाडी, अख्ख्या तालुक्यात एकच! ती बंद पडली की लोकांना आतून गुदगुल्या होतात, उगाच खोटं कशाला बोला.

"ट्रकवर चढवून आणतायत गो," दीपक रिक्षावाल्याने ब्रेक दाबता दाबताच सांगितलं. "तुझ्याकडेच येतेय."

"येऊ दे की. गॅरेज आहे, गाड्या यायच्याच," शमिका म्हणाली. आवाज अगदी साधा ठेवला तिने. मग आत गेली आणि अर्धं लिंबू आणि कपडे धुवायची पावडर घेऊन हात घासायला लागली. नखं, नखांच्या कडा, बोटांच्या पेरांतल्या भेगा. ग्रीस असं सहज जातंय होय? तरी ती घासत राहिली.

तिचे वडील दादू दाराशी बसून एका होडीच्या इंजिनाचा पंप खोलत होते. त्यांनी पाहिलं आणि नजर पुन्हा पंपावर नेली. लेक कधी हात घासते आणि कोणासाठी, हे बापाला न कळायला काय झालं?

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला हे गॅरेज. आधी इथे दादू फक्त होड्यांची इंजिनं करायचे. शमिकाने डिप्लोमा केला, मग पुण्याला बड्या बड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढली, रीतसर ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेटं मिळवली आणि परत आली. परत का आली? लोक म्हणायचे बापासाठी. बापासाठी होतंच. पण स्वरूपने ही गाडी घेतली तीही त्याच वर्षी, हे लोक सोयीने विसरायचे.

स्वरूप पावसचा. घरची कलमांची बाग, स्वतः बोटीवर ऑफिसर. पोराला गाडीचं वेड, पण कळत काडीचं नाही. गाडी बघायला तो शमिकाला घेऊन गेला होता. ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली, विकणाऱ्याच्या तीन थापा तिथल्या तिथे पकडल्या, आणि मग म्हणाली, "घे. मन साफ आहे हिचं." परत येताना गणेशगुळ्याच्या वळणावर त्याने गाडी थांबवली आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिची उंची बेताची. तिने सीट पुढे घेतली, आरसे खाली केले. त्या गाडीच्या दारावर एक आणि दोन अशी नंबरांची बटणं आहेत, शेजारी एक सेटचं. नंबराचं बटण दाबलं की सीट आणि आरसे आपोआप त्या माणसाच्या मापाला येऊन थांबतात. स्वरूपने तिचं माप दोन नंबरात भरून टाकलं आणि म्हणाला, "एक माझं, दोन तुझं. आता या गाडीला तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

असं कोणी बोललं की बाईमाणसाने काय समजायचं, सांगा बरं!

मग साळव्यांची मंडळी बघायला आली. शमिकाने अबोली साडी नेसली, पोह्यांवर ओलं खोबरं पेरलं, खाली बघून बसायचं तेवढं बसली. सगळं ठीक चाललं होतं. बशी पुढे करताना स्वरूपच्या आईची नजर तिच्या नखांवर गेली.

"हे काळं जात नाही का गो?"

"जातं काकू. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. कामच तसं आहे."

"तसं नाही... पण आमच्याकडे गणपतीचा नैवेद्य सुनेच्या हातचा असतो. असे हात कसे चालायचे?"

शमिकाने मान वर करून स्वरूपकडे बघितलं. तिला भाषण नको होतं, भांडण नको होतं. त्याने नुसतं "चालतं गं आई" म्हटलं असतं तरी तिने तेवढ्यावर जन्म काढला असता. स्वरूपने चहाच्या कपात बघितलं. इतका वेळ बघितलं की जणू आत माशी पडली होती. मग तो बोटीवर गेला. "थोडा वेळ दे" असा एक मेसेज आला आणि त्यानंतर काही नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मधल्या काळात गाडी बिघडत राहिली आणि स्वरूप सुट्टीवर आला की ती घेऊन भटकत राहिला. मुंबईला नेली, तिथल्या ए.सी. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून जे नाव स्क्रीनवर आलं तो भाग बदलला. कोल्हापूरच्या एकाने "इंजिनच काढायला लागणार" म्हणून घाबरवलं. लोट्याजवळच्या एकाने छातीवर हात ठेवून खात्री दिली आणि गाडी चिपळूणला पोचायच्या आत पुन्हा मेली. आयशीचा घो त्या सगळ्यांच्या! शमिकाला हे सगळं कळत होतं. आपल्याकडे येत नाही याचा राग होता, आणि एक दिवस झक मारत येईल ही आशाही होती. राग लोकांना दिसायचा. आशा तेवढी दादूंना दिसायची.

ट्रक आला. गाडी उतरली. मागून स्वरूप उतरला, जरा भरलेला, कानशिलाजवळ एखादा केस पिकलेला.

"कशी आहेस?"

"बरी. गाडीला काय झालं ते सांग."

"चालतच नाही गो धड. मध्येच ताकद सोडते, दिवा लागतो. सगळीकडे फिरवली. तुला खरं सांगू?" तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "डिग्रीवाले खूप भेटले, पण विश्वास टाकावा असं माणूस एकच आहे. उगाच वेळ घालवला मी. आधीच यायला हवं होतं."

उगाच वेळ घालवला. आधीच यायला हवं होतं. त्याने हे गाडीबद्दल म्हटलं होतं. पण शमिकाने ते दोन वर्षं ज्या जागी ऐकायचं होतं त्याच जागी ऐकून घेतलं. कोणाचीही गत झाली असती तशीच.

"घाई आहे?" तिने विचारलं.

"आहे जरा. सांगतो नंतर फोनवर," तो हसला, आणि ज्या ट्रकने आला त्याच ट्रकमधून गेला.

दिवसभर ती गाडीखाली होती. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, पोटात असतं. हात घालायला जागा नाही. तिने कॉम्प्युटर लावला, बघितला आणि बाजूला ठेवला. मग एकेक वायर बोटांनी चाचपत निघाली. आणि दुपारी कधीतरी तिला वास आला. गोडसर, आंबूस, ओळखीचा. तिने हात आत खुपसला आणि मूठभर पेंढा बाहेर काढला. भाताचा पेंढा! आणि त्यात वाळलेला, कुरतडलेला हापूसचा बाठा.

शमिका गाडीखाली पडल्या पडल्या एकटीच हसायला लागली. ही शहाणी माणसं गाडी ठेवतात कुठे, तर आंबे पिकवायला पेंढ्यात आढी घालतात त्या खोपीत! खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून वरून ताडपत्री गुंडाळायची, आणि खाली उंदरांना पेंढा, आंबे आणि ऊबदार इंजिन. उंदरांनी संसार थाटला होता तिथे. दोन वायरी अर्धवट कुरतडलेल्या होत्या, आतलं तांबं उघडं पडलेलं. हवा कोरडी असली की गाडी चालायची, दमट झाली की मरायची. आणि लोक इंजिन काढायला निघाले होते.

"बाबा, हे बघा!" ती बाठा घेऊन बाहेर आली. तोंडावर काळे पट्टे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू. कितीतरी महिन्यांनी दादूंनी तिला असं हसताना बघितलं.

"बाय माझे," ते हळूच म्हणाले, "गाडी आलीय. माणूस आलाय का, ते आधी बघ."

"काहीतरीच काय बाबा!" म्हणत तिने फोन लावला. हात पुसायचंही भान नव्हतं.

"सापडलं!" तिने त्याला सगळं सांगितलं, बाठ्यासकट. पलीकडे स्वरूपही हसला. खूप हसला. मग म्हणाला, "वाचवलंस बघ. मला वाटलं, आता तुळशीच्या लग्नाआधी काही गाडी होत नाही. म्हणजे त्याच्यानंतर लगेच आमचंच आहे ना. सानवीला याच गाडीतून घरी आणायची आहे. हौस आहे तिची."

समोर होडीचा पंप उघडा पडला होता, रस्त्यावरून एसटी गेली. सानवी. म्हणजे नावही ठरलं होतं, माणूसही ठरलं होतं, आणि हे सगळं ठरल्यानंतर तो इथे आला होता.

"हॅलो? होईल ना गो? का काही भाग बाहेरून मागवायला लागेल?"

त्यानेच वाट दाखवली. "हो, मागवायला लागेल" एवढं म्हटलं की झालं. जर्मनीचा भाग, महिना दीड महिना, कोणाच्या बापाला कळणार होतं? गाडी इथेच राहिली असती, तो चौकशीला येत राहिला असता, आणि ती सानवी कोणत्याही भाड्याच्या गाडीतून गेली असती. वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. तिने ते गिळलं. ते बोलली असती तर तिच्यावरचा विश्वास, जे एक तिचं म्हणून त्याच्याकडे उरलं होतं, तेही गेलं असतं.

"नाही लागणार," ती म्हणाली. "वायर जोडायची आहे फक्त. उद्या सकाळी घेऊन जा."

"ग्रेट! आणि ऐक, एक बारीकसं काम राहिलंच. ते दारावरचं दोन नंबरचं बटण आहे ना, ते दाबलं की सीट एकदम पुढे येते. सानवी उंच आहे, तीही चालवते, परवा तिचे गुडघे आपटले. आधीच्या मालकाचं काहीतरी राहिलंय बहुतेक आत. तेवढं काढून टाक ना."

आधीच्या मालकाचं.

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर मेलं दुःख होतं. खोटं असतं तर तिला ऐकू आलं असतं. तिचे कान त्यासाठीच तयार झाले होते. तो खरंच विसरला होता.

"काढते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वायरी जोडून झाल्या, पेंढा निघाला, इंजिन चालू केलं तर पायाशी अंग घासणाऱ्या मांजरीसारखं गुरगुरलं. ऊन कलायला लागलं होतं. शमिका आत बसली. सीट स्वरूपच्या मापाला होती, तिचे पाय पेडलपर्यंत जात नव्हते. तिने दोन नंबर दाबलं.

सीट बारीक आवाज करत पुढे आली. पाठीला टेकण आलं, पाय बरोबर पेडलवर बसले, आरसे खाली वाकले आणि तिच्या डोळ्यांशी येऊन थांबले. इतकी दोन वर्षं ही गाडी कोणाकोणाच्या हातातून गेली, भाग बदलले, उंदरांनी पोखरली, पण हिच्याकडे तिचं माप जसंच्या तसं होतं. माणूस विसरला, आणि या मुक्या यंत्राने जपून ठेवलं होतं. शमिका स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. दादूंनी बाहेर ग्राइंडर चालू केला, कारण नसताना, आणि बराच वेळ चालू ठेवला.

मग तिने डोळे पुसले. उंच मुलगी कशी बसेल याचा अंदाज घेतला आणि सीट मागे नेली, अजून मागे, पाय पेडलला पुरेनात इतकी मागे. आरसे वर केले. त्यात आता नुसतं गॅरेजचं छप्पर दिसत होतं. तिने आधी सेटचं बटण दाबलं आणि मग दोन नंबर. टुक् असा आवाज झाला. झालं काम.

सकाळी स्वरूप आला. आज तिने हात घासले नव्हते. त्याने दार उघडून आधी दोन नंबर दाबून बघितलं. सीट मागे सरकत गेली.

"परफेक्ट! म्हणून म्हणतो, तुझ्यासारखं दुसरं कोणी नाही," तो म्हणाला. मग हातातल्या पिशवीतून एक पत्रिका काढली, हळदीकुंकवाची बोटं लावलेली, आणि तिच्यापुढे धरली. "यायचं हं. दादूंना घेऊन. आईनेही मुद्दाम सांगितलंय."

"ठेव तिकडे," शमिका म्हणाली. "माझे हात काळे आहेत."

"अगं, चालतं गं!" स्वरूप हसून म्हणाला, आणि पत्रिका तिच्या हातात देऊन गाडीत बसला.

गाडी पावसच्या वळणाआड गेली तरी इंजिनाचा आवाज येत होता. स्वच्छ, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. शमिका तो पार विरेपर्यंत ऐकत उभी राहिली. पत्रिकेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.