चुलीतली देवी

अप्पांच्या घरापुढच्या खळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जो येई तो आधी अप्पांची छाती बघे. ओटीवर उघडे बसलेल्या अप्पांची छाती बाईमाणसासारखी फुगली होती.

"देवी आंगात इली आसा," भिकाजी भगत सांगत होता. "माझ्या अंगाऱ्यान. पावसात ह्यो म्हातारो हातरुणार होतो."

तेवढं मात्र खरं. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरून अंथरुणाला खिळलेले अप्पा आता एकटे मागीलदारी जात. मुंबईचे डॉक्टर त्यांना दोन नवी औषधं एकत्र देऊन पाहत होते. पण गोळ्यांना कोण नमस्कार करतो? भगताची गोष्ट वेगळी. तो डोळे फिरवी, फुंकर मारी आणि कोंबडा नेई.

"आता त्यो गोळ्यो बंद. देवीक त्येंचो वास सोसणा नाय."

अप्पांच्या बायकोने, माईंनी, गोळ्यांची बाटली विहिरीत टाकायला उचललीसुद्धा. भगत अंगाऱ्याचं बोट घेऊन अप्पांच्या सुनेकडे, सरलाकडे वळला. "बाळाकय चाटव गो."

सरलाने कडेवरच्या बाळाचं तोंड पदराने झाकलं. महिन्यापूर्वी अंगाऱ्याची पुडी दिली त्या दिवशीही भगताने हेच केलं होतं. त्या पुडीत काय आहे या धास्तीनेच तिने ती लपवली होती.

"तुमचो अंगारो म्हयनोभर फडताळात पडलो आसा," ती म्हणाली. "अप्पा खातत ती आमच्या चुलीतली राख."

खळ्यातल्या माना भगताकडे वळल्या.

"देवी चुलीतय आसता," भगत सावरला.

"मगे लोकांनी आपापल्या चुलीतली खावची. तुमका कोंबो कित्याक?"

मागून शेजारची तुळसा म्हणाली, "माझो तुरेवालो, भिक्या. सांजेक परत हाडून सोड."

हशा ओसरल्यावर अप्पांनी हळूच विचारलं, "मगे ही छाती?"

"एका गोळीत बायकांच्या आंगातला द्रव्य आसा. पुरुषाच्या ज्या रसावर रोग वाढता, तो ता दाबता. छाती फुगतली म्हणान डॉक्टरांनी तुमका सांगितल्यानी होता. तुमीच लाजेन कोणाक सांगूक दिलास नाय."

अप्पा खाली बघत राहिले. "देवी म्हटल्यार लाज वाटत नव्हती गो. आता सांग, मी बरो होतलंय?"

सरलाला खोटं बोलवेना. "माका खबर नाय. डॉक्टरांकय नाय, म्हणान तर ते करून बघतत. एक गोष्ट बदलूची, बाकी तशीच ठेवूची. मी राखेचा तसाच केलंय, अंगारो बदललंय, गोळ्यो तशोच ठेवलंय. गुण इलो नाय तर ते तसा सांगतले. भगतान कधी सांगितल्यान?"

अप्पांनी माईंपुढे हात केला. "बाटली दी. आणि घालूक माझो सदरो हाड."

लाजेने झाकलेलं दुखणं भगताच्या हाती लागतं. अंगात नवं काही दिसलं तर डॉक्टरला विचारा, आणि औषध थांबवायचं तर तेही त्यालाच विचारून. अंगाऱ्याची हौसच असेल, तर चूल घरचीच आहे. कोंबडाही घरीच राहील.