सात नंबरचं चित्र

बापूजी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना एकच कला येत होती, ती म्हणजे तासन्‌तास एका खुर्चीत बसणं. यवतमाळात तिला कोणी विचारील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी चित्रकलेचा वर्ग घेणाऱ्या सुनीती मॅडमना समोर बसवायला चेहरा हवा होता, आणि खाली पेपर वाचणारे बापूजी त्यांच्या नजरेत भरले.

चार रविवार ते बसले, मिशीला पीळ देऊन. डास चावला तरी हलले नाहीत. अकरा जणांनी त्यांचं चित्र काढलं. प्रदर्शन लागेपर्यंत काही पाहायचं नाही, अशी मॅडमची ताकीद होती.

प्रदर्शन लागलं त्या दिवशी ते बायकोला, बेबीताईंना, सोबत घेऊन गेले. पहिल्याच चित्रापुढे ताई बराच वेळ थांबल्या.

"हे कोण हाये?"

"मीच."

"तब्येत बरी नाई वाटून राह्यली."

दुसऱ्या चित्रात बापूजींना मान नव्हती. चौथ्यात ते निळे होते. क्षितिज नावाच्या पोरानं समजावलं की तो रंग म्हणजे मनाचा भाव. माणूस पिवळा पडतो हे बापूजींना माहीत होतं, हे नवीन होतं. सातव्या चित्रापुढे मात्र बेबीताईंनी पटकन डोक्यावर पदर घेतला.

"अहो, हे तं मोठे भाऊजी."

बापूजींचा चेहरा उतरला. हुबेहूब मारोतरावच होते ते, बोरी अरब गावी राहणारे त्यांचे थोरले भाऊ. पाच वर्षांपूर्वी मारोतरावांच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना फेटे बांधताना नेमका एक कमी पडला आणि सख्खा काका बोडक्यानं फोटोत आला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

कोणीतरी ते चित्र मोबाइलवर गावात पोचवलं. पुढच्या रविवारी बापूजी मॅडमना "सात नंबर उतरवा" असं सांगत असतानाच मारोतराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून हॉलमध्ये आले आणि चित्राशेजारी उभे राहिले.

"मॅडम, माहं चित्र काढलं, पण मले इचारलं नाई," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, उलट स्वारी खूश होती.

बापूजी भावाकडे बोट दाखवत, पण भिंतीकडे पाहून बोलले, "मॅडम, यायले सांगा, चार रविवार मी बसलो."

"यायले सांगा, बसले असन. पण निंघालो तं मीच ना?"

"यायले सांगा, खाली नाव माहं हाये."

"यायले म्हणा, नाव खोडता येते. तोंड कसं खोडान?"

मॅडमची मान इकडून तिकडे फिरून दुखायला लागली. त्यांनी चित्र काढणाऱ्या निकिताला बोलावलं. ती बिचारी खाली मान घालून उभी राहिली.

"काका, मले नाक जमतच नाई. खोडून खोडून काढलं, तं थे फुगतच गेलं."

मारोतरावांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. "म्हणजे माहं नाक चुकून झालं काय?"

"चुकून कायले?" बापूजी एकदम उसळले. "आपल्या बाबाचं नाक हाये थे, दादा. पुऱ्या घराण्यात हेच नाक. मलेच आईचं आलं, त्याले कोण काय करन?"

मारोतराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. मधल्या मॅडमना वगळून आपण थेट दादाशी बोललो, हे बापूजींच्या जरा उशिरा लक्षात आलं. तोवर ते बोलून झालं होतं.

"आईचंच हाये," मारोतराव हळू आवाजात म्हणाले. "बारीक."

मॅडमनी ती संधी सोडली नाही. दोन खुर्च्या मांडल्या, दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि निकिताला म्हणाल्या, "आता दोन्ही नाकं समोर आहेत. फरक बघ आणि काढ."

मारोतरावांना बसणं जमेना. कधी पाय खाजव, कधी खिडकीतून खाली वाक.

"दादा, हलू नोको. नजर त्या खिळ्यावर ठेव आन् डोक्यात कायीच आणू नोको," बापूजींनी शिकवलं.

सल्ला इतका लागू पडला की दहाव्या मिनिटाला मारोतराव झोपले. डोकं कलत कलत बापूजींच्या खांद्यावर आलं आणि घोरणं सुरू झालं. बापूजींच्या हाताला मुंग्या आल्या. पोरं तोंडावर कागद धरून हसत होती.

"उठवू का त्यांना?" मॅडमनी हळूच विचारलं.

"राहू द्या," बापूजी ओठ न हलवता म्हणाले. "पोरीचं नाक बाकी हाये अजून."