कोरी पाने वगळा

ज्ञानदाला सोलापुरात विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा मंगळवेढ्यात तिच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. 'डिजिटल ग्रंथपाल' म्हणजे नेमकं काय, हे गल्लीत कुणाला कळलं नाही, पण ऐकायला भारदस्त वाटलं. नोकरी कराराची होती, वर्षभराचीसुद्धा नव्हती. मायलेकींनी ते गल्लीला कळू दिलं नाही.

ग्रंथालयात तिला मिळालं ते तळमजल्यावरचं एक टेबल, एक नवंकोरं स्कॅनर मशीन आणि जुन्या प्रबंधांच्या रांगाच्या रांगा. दिवाळीनंतर मूल्यांकन समिती येणार होती, आणि ग्रंथपाल शिवराज सरांना तोवर या रांगा जागेवर नको होत्या. तिथं त्यांना सोफा ठेवायचा होता.

"म्याडम, सगळं काँप्युटरात घ्यायचं," सर म्हणाले. "घेतलं की कागद रद्दीत. दोन्ही ठिकाणी ठेवायचं तर मग डिजिटल कशाला म्हणायचं?"

मशीनला सुटी पानं लागत. म्हणून बाइंडरकडून प्रबंधाची पाठ सपकन कापून आणायची, पानांचा गठ्ठा मशीनच्या तोंडी द्यायचा. पहिल्या दिवशी ज्ञानदानं ते पाहताना मान फिरवली. आठवड्यात सवय झाली. सवय ही मोठी निर्लज्ज गोष्ट आहे.

दर गुरुवारी तिथं एक म्हातारे गृहस्थ यायचे, गुरुशांत काका. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. गुरुवारी सगळा मुलूख स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला लोटतो, आणि हे अक्कलकोटचे गृहस्थ उलट्या दिशेनं सोलापूरला येत. खिडकीजवळ बसून एकच प्रबंध मागत, अक्कलकोटकडच्या बायकांच्या मराठी-कानडी बोलीवरचा. तो त्यांच्या बायकोनं, मालतीबाईंनी लिहिला होता. त्या शाळेत शिकवायच्या. प्रबंध सादर केला आणि पदवी हातात पडायच्या आत त्या गेल्या. घरची प्रत काकांनी स्वतः आणून ग्रंथालयाला दिली होती.

"घरात पोरं रद्दीत घालतील," ते म्हणाले. "हितं कसं, सरकारी काम. कोन हात लावतंय."

ज्ञानदाला हा माणूस आवडला. नव्या जागी तिच्याशी आपणहून बोलणारा तो एकटाच होता. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तो तिच्यापुढं सरकवायचा. पण डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले. बसमधून उतरायला त्यांना आधार लागायचा, आणि जन्मभर लोकांना उतरवणाऱ्या माणसाला त्याची लाज वाटायची.

"काका, आता यायची गरजच नाही," ती एकदा म्हणाली. "काकूंचा प्रबंध मी तुमच्या मोबाईलवर देते. घरी बसून वाचा, अक्षरं हवी तेवढी मोठी करून."

काकांनी हातातलं पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "समदं येतंय का त्यात? पानाची मागली बाजू बी?"

"दोन्ही बाजू एका दमात येतात."

"मंग लई उपकार हुतील, बाई."

मागच्या बाजूला काय आहे, हे तिनं विचारलं नाही. पाठ कापावी लागते, हेही सांगितलं नाही. उगाच कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला घोर, असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात सरांनी झालेलं काम पडद्यावर पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. जुने प्रबंध टाइप केलेले, तेही पानाच्या एकाच बाजूला. त्यामुळं पडद्यावर एक पान छापील, एक कोरं, एक छापील, एक कोरं.

"समितीपुढं आपण कोऱ्या पानांचं प्रदर्शन मांडायचं का? जरा डोकं वापरा की."

तिनं डोकं वापरलं. मशीनच्या मेनूत 'कोरी पाने वगळा' अशी एक चौकट होती. तिथं तिनं खूण केली. काम चटाचट होऊ लागलं आणि सर पहिल्यांदाच तिच्याकडं बघून हसले. त्या हसण्यानं ती एवढी सुखावली की पुढं कितीतरी दिवस तिला दुसरं काही सुचलंच नाही. करार वाढेल, आईनं वाटलेले पेढे वाया जाणार नाहीत, एवढंच डोक्यात.

मालतीबाईंचा प्रबंधही याच दिवसांत कापून आला. गठ्ठा ठोकून सारखा करताना तिला पानांच्या पाठीवर कुठंकुठं शिसपेन्सिलीचं पुसट काहीतरी दिसलं. वाचायला ती थांबली नाही. मशीन दोन्ही बाजू घेतंय की, असं मनाशी म्हणाली. ती चौकट तिला आठवलीच नाही. संध्याकाळी रद्दीवाल्याचा टेम्पो आला आणि रांग मोकळी झाली.

समिती आली, सोफ्यावर बसली, खूश होऊन गेली. 'एकही पान वाया नाही,' असं अध्यक्ष म्हणाल्याचं सरांनी तिला दोनदा सांगितलं. करार वाढला.

समितीच्या गडबडीत ग्रंथालय बाहेरच्यांना बंद होतं; ते उघडल्यावर पहिल्याच गुरुवारी काका आले. ज्ञानदानं त्यांच्या मोबाईलवर प्रबंध उघडून दिला. काका बोटानं पानं सरकवत राहिले. मग मोबाईल तिच्याकडं वळवून म्हणाले, "पाठीमागचं कुटं हाय, बाई?"

"काय होतं मागं?"

"तिच्या घशाला कॅन्सर हुता. शेवटी आवाज गेला. मंग बोलायचं कसं? हाताशी ह्योच कागुद हुता. पाठीमागं लिवून दावायची. खिडकी लावा. च्यात साखर कमी हाय. ड्यूटी बदलून घिऊ नका, मी बरी हाय. आसंच. लई काय न्हाय त्यात."

ज्ञानदानं टेबलावरचा काँप्युटर उघडला. तिनं पडद्यावर सगळी पानं वरखाली केली. सगळी छापील होती, स्वच्छ, सुबक. तिनं रद्दीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माल कारखान्यात जाऊन लगदासुद्धा झाला असेल. ती सरांकडं धावली. सर म्हणाले, "वगळली म्हणजे कोरीच असणार. मशीन काय खोटं बोलतं का?"

परत आली तेव्हा काका तसेच बसले होते. तिनं सगळं सांगितलं. कापलेली पाठ, ती चौकट, तो टेम्पो, आणि दिसलेली पेन्सिल. काहीच लपवलं नाही, आता लपवून उपयोगही नव्हता. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हंजे मशीनला त्ये कोरंच दिसलं व्हय?"

"हो, काका."

"दिसनारच की," ते हळू आवाजात म्हणाले. "हातात जोरच ऱ्हायला न्हवता तिच्या. शेवटची पानं तर मला सुदिक उजेडाला धरून वाचायला लागायची."

मग त्यांनी मोबाईल तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "ह्ये बंद कसं करायचं, त्येवढं दावा. माजी बस हाय."