साच्यानं घेतलेलं नाव

"बोलला! साचा बोलला!"

शंभर-सव्वाशे माणसं एकदम ओरडली आणि एकदम मागं सरली. तिसऱ्या पेटीतून लोखंडाचा लालभडक रस गुरगुरत हातभर वर उडाला आणि फतफत करीत जमिनीवर पडला. पहिल्या दोन पेट्या शहाण्या लेकरांसारख्या गप्प होत्या. तिसऱ्या पेटीवर खडूनं नाव लिहिलं होतं, गुरम्मा.

"अय्यो देवा," एवढंच ती बोलली आणि खाली बसली.

मी चार पावलांवर उभी होते. लातूरच्या एमआयडीसीतल्या या फौंड्रीत वाळू तपासायचं काम मी चार वर्षं करते. नाव तनुजा, गाव देवणी. जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात. खरंच तिखट असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. ते पुढं येईलच.

आधी सोमवारचं सांगते. साखर कारखान्याच्या मोठ्या चाकाचा साचा जमिनीत खड्डा करून घातला होता. वाळूत पॅटर्न, म्हणजे चाकाचा लाकडी नमुना, दाबायचा, तो काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, असं हे काम. त्या दिवशी रस आत गेला आणि साचा फुटला. उकळतं लोखंड शिवमूर्तीच्या पायांवर आलं. शिवमूर्ती म्हणजे साचे घालणारा आमचा सगळ्यात जुना मोल्डर, गुरम्माचा नवरा. दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, पण रोज ड्रेसिंग पाहिजे, सलाईन पाहिजे, जंतू शिरायला नकोत.

बुधवारी मालकांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, अग्निबाबाला आणलं.

हा बाबा इस्लापूरकडचा, मूळ नाव ग्यानोबा. हिमालयात म्हणे साक्षात अग्निदेवानं याच्या खांद्यावर हात ठेवला होता. खांदा शाबूत कसा राहिला, हे कुणी विचारलं नाही. फौंड्रीच्या दारात उभं राहून त्यानं डोळे पांढरे केले आणि सुरू झाला, "अग्नीला डोळे हायेत! अग्नीला कान हायेत! फकस्त तोंड न्हाई! त्ये तोंड ह्यो ग्यानोबा देतो! करणी झालीया करणी! करणाऱ्याचं नाव निघंस्तवर औषधाचा थेंब लावाल तर औषध उलटंल, पाय काळं पडतील!"

झालं. शिवमूर्तीचा धाकटा भाऊ दयानंद घाबरला. सही करून भावाला दवाखान्यातून काढलं आणि बाबाच्या औसा रोडवरच्या मठात नेऊन टाकलं. भाजलेल्या मांसावर अंगारा! गुरम्मा रोज दयानंदच्या पाया पडायची, "दयाप्पा, परत न्या रे त्यांना. अंगाला वास येऊन राहिला." तो म्हणायचा, "वैनी, आधी नाव निघू द्या."

असे पाच दिवस गेले. आणि आज हा तमाशा. बाबाच्या ताटात शेंदूर फासलेली, लाल फडक्यात बांधलेली सात लिंबं होती. तीन पेट्यांत साचे केले. एकेक लिंबू साच्याच्या तळाखाली वाळूत पुरलं. एका पेटीवर दयानंदचं नाव, एकीवर कारखान्याच्या जागेचं आणि एकीवर गुरम्माचं. ज्यानं करणी केली त्याचा साचा बोलेल. आणि बोलला की!

"बायकूच निघाली!" बाबानं चिमटा आपटला. "नवऱ्याच्या जिवावर उठली! आता हिची सावली पडू द्याची न्हाई त्याच्यावर. अजून एकवीस दिवस अंगारा!"

एकवीस दिवस! शिवमूर्ती अजून दोन दिवस काढेल की नाही, इथं प्रश्न होता. दयानंद दात-ओठ खात गुरम्माकडं बघत होता. बाया तिच्यापासून लांब सरकल्या. ज्यांच्याबरोबर ती रोज डबा खायची, त्याच बाया.

माझं लक्ष मात्र ताटाकडं गेलं. चार लिंबं उरली होती. मी सरळ जाऊन ताट उचललं.

"ए बाई! इटाळ!" बाबा किंचाळला.

"होऊ द्या. अग्नी शुद्ध करतो ना सगळं? मग?"

"तनुजा, तू लॅबमध्ये जा," बापूसाहेब म्हणाले.

"लॅबमध्येच चाललेय साहेब. ज्याला यायचं त्यानं या."

लॅब म्हणजे काय, एक पत्र्याची खोली आणि एक काटा. ओली वाळू तोलायची, भाजायची, परत तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. शाळेतलं पोरगं करील असं काम. मी लिंबं हातात घेतली तशी कळलीच. दोन जड, दोन हलकी. काट्यावर टाकली, दाराशी जमलेल्यांना आकडे दाखवले. जड लिंबू सेहेचाळीस ग्रॅम, हलकं अकरा. दोन्ही फडकी सोडली, दोन्ही लिंबं चिरली. एकातून रस गळला. दुसरं वाळून खडखडीत झालेलं, आत नुसता चोथा. वरून शेंदूर सारखाच.

"आता कळलं का साचा का बोलला?"

कुणाला काही कळलं नाही. माणसं माझ्याकडं बघत होती आणि मधूनमधून बाबाकडं. कुणीतरी म्हणालं, "पर नाव कसं बरोबर निघालं?"

बरोबर! अरे, कशाचं बरोबर?

मी बाहेर आले. भट्टीवर रामलिंगकाका होते, तीस वर्षं रस ओतणारा माणूस. "काका, भट्टीत रस आहे?"

"हाय की."

"मग हे जड लिंबू पुरा एका तयार साच्याखाली. नाव मी घालते." आणि मी खडूनं पेटीवर ठळक लिहिलं, अग्निबाबा.

बाबाचा चेहरा बघायला पाहिजे होता. "दैव दोनदा बोलत नसतं! पाप लागंल! बापूसाहेब, थांबवा हिला!" बोलता बोलता तो दहा पावलं मागं गेला. साच्याखाली लिंबू असलं की किती लांब उभं राहायचं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच्या नडगीवर रसाच्या थेंबांचे गोल गोल डाग होते, आमच्या प्रत्येक कामगाराच्या नडगीवर असतात तसे. हिमालयात फौंड्री नाही. पुढं पोलिसांनी काढलं तेव्हा कळलं, गडी नांदेडला एका ओतकामाच्या कारखान्यात सहा वर्षं रस ओतायची लाडल धरत होता.

काकांनी रस ओतला. एक, दोन, तीन... दहापर्यंत मोजलं असेल नसेल, पेटी गुरगुरली आणि रस उडाला.

मला वाटलं, जिंकलो आपण. आणि मग मागून आवाज आला, "आरं बाबाचंच नाव आलं! करणी बाबानंच केली!"

"मारा त्याला!"

दयानंदनं सळई उचलली. अहो, काय सांगू! एवढं चिरून, तोलून, दाखवून हे शिकले काय, तर चेटकीण बदलली! अर्ध्या मिनिटापूर्वी गुरम्मा होती, आता बाबा. तो लबाड होताच, पण करणी त्यानंही केली नव्हती, कारण करणी नावाची गोष्टच नसते.

मी दयानंदच्या आडवी उभी राहिले. "थांबा! मघाशी चिरलेलं ते रसाचं लिंबू आणा! काका, पुरा!" आणि पेटीवर लिहिलं, तनुजा.

रस ओतला. उडाला. माझ्या ओढणीला दोन भोकं पडली.

"निघालं माझं नाव? मग आता मला मारा! मारा की!"

दयानंदची सळई खाली आली. उरलेलं वाळकं लिंबू मी स्वतः पुरलं आणि पेटीवर लिहिलं, गुरम्मा. रस गेला आणि गप्प बसला. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले. काहीच झालं नाही.

आता मी ओरडले नाही. "लिंबात पाणी असतं," मी म्हटलं. "उकळत्या लोखंडाखाली पाणी आलं की त्याची वाफ होते. तांब्याभर पाण्याची वाफ मावायला कपाटाएवढी जागा लागते. साच्यात ती जागा नसते, म्हणून ती रसाला ढकलून बाहेर येते. वाफेला वाचता येत नाही. पेटीवर कुणाचं नाव लिहिलंय ते तिला कळत नाही."

"मग त्या सोमवारी?" दयानंदनं विचारलं. "तवा तर लिंबू नव्हतं."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. पाच दिवस मी त्याचीच वाट बघत होते आणि त्यालाच भीत होते.

"तेव्हा वाळूच ओली होती. शेकड्याला साडेतीन-चार पाणी पाहिजे, सात होतं. मीच तोललं होतं. गुरम्मा वाळू मळते, तिनंही मूठ दाबून सांगितलं होतं, वाळू हाताला चिकटून राहिली म्हणून. सुपरवायझर राघवेंद्रसाहेब म्हणाले, साचा शेकत बसायला वेळ नाही, माल आज जायचाय. मी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि गप्प बसले."

बापूसाहेब गाडीकडं निघाले होते. आता सगळ्यांना कळलं, बाबाला कुणी आणलं आणि का आणलं. वाळू ओली होती हे बोलणारी एकच बाई कारखान्यात होती. तिलाच चेटकीण ठरवलं की ती कुणाला सांगणार? सांगितलं तरी ऐकणार कोण?

गुरम्मा उठली. ना रडली, ना कुणाला शिवी दिली. दयानंदचा हात धरला आणि म्हणाली, "चला आता. टेंपो काढा."

तासाभरात शिवमूर्ती दवाखान्यात होता. अंगारा धुवायला नर्सला पाऊण तास लागला. खाली जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. विष रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

गुरम्मानं पोलीस ठाण्यात स्वतः उभं राहून फिर्याद दिली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे तिला मी सांगितलं. पण मालकाचं नाव घ्यायला मी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःहून घेतलं. मी माझ्या चिठ्ठीची नक्कल जोडली. नोकरी राहील न राहील. खटला चालू आहे. बाबाचे भक्त अजून म्हणतात, "बाबा खोटा आसंल, पर काहीतरी आसतंयच की." असतं ना! ओल असते, घाई असते आणि गप्प बसणारी माणसं असतात.

तुम्ही साचे घालत नसाल. पण घरात कुणी भाजलं, कुणाला साप चावला, पोर तापानं फणफणलं, तर एवढं करा. आधी दवाखाना. मग ज्याला जे विचारायचं ते विचारा. आणि कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवून 'हिनं केलं' म्हणाला, तर ती बाई कशाबद्दल बोलत होती तेवढं आधी शोधा.

तेराव्यानंतर दयानंद गेटवर मला थांबवून उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाला, "म्याडम, खरं सांगा. त्ये पाच दिवस दवाखान्यात आसता तर... वाचला आसता का दादा?"

खोटं बोलता आलं असतं. दोन शब्दांचा धीर देता आला असता. पण त्याला असा धीर देणारा एकदा भेटून गेला होता.

"डॉक्टर म्हणाले, बहुतेक वाचला असता," मी म्हटलं.

तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. मीही त्याच्याशेजारी बसले.