वरच्या मजल्यावरची हाजरा

इंदिरानगरच्या त्या गल्लीत प्रमोदिनीबाईंना सगळे अजून 'मिस' म्हणत. सरकारी कन्नड शाळेत जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. घरात मराठी, तीही कन्नडच्या फोडणीची. आपलं घराणं इकडे कधी आलं, हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला, मुलगा रविकिरण बायकोला घेऊन सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, तेव्हा बाईंनी वरचा मजला भाड्यानं द्यायचं ठरवलं. आली ती नॉर्वेची एक उंच, गोरी बाई. डोक्याला स्कार्फ आणि हातात चिखलानं माखलेले गमबूट.

"माझं नाव हाजरा," ती दारातच म्हणाली. "पासपोर्टवर 'मारित' असं नाव आहे. मागून गोंधळ नको म्हणून आधीच सांगते."

शहरातल्या तळ्यांचं पाणी तपासणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. तळ्यावरच्या मजुरांकडून तिनं कन्नड उचललं होतं. 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, असे शब्द ती अशा ठसक्यात म्हणे, की बाईंना हसू यायचं. त्यांना ती अक्का म्हणायची.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना बाईंनी विचारलं, "तुझा नवरा मुसलमान होता का गं?"

"नवराच नव्हता, अक्का. वडील आजारी होते. त्यांच्या उशाशी बसून कुराण वाचायला लागले. ते गेल्यावरही वाचत राहिले. एक दिवस वाटलं, आता नुसतं वाचून भागणार नाही."

एवढंच. बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि तिनंही कधी स्वतःहून काढला नाही.

मग त्या उन्हाळ्यात शंभर फुटी रस्त्यावर एका पोरानं तिच्यापुढे मोबाइल धरला. येणाऱ्याजाणाऱ्यांना काहीबाही विचारून त्याचे व्हिडिओ टाकणारा होता तो. "मॅडम, तुम्ही फॉरेनर, मग हा स्कार्फ कसा?" हाजरा घाईत होती, पण तुटक बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मी मुसलमान आहे, बरीच वर्षं झाली," असं तिनं कन्नडमध्ये सांगितलं आणि ती बसमध्ये चढली.

तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. गोरी बाई, निळे डोळे, स्कार्फ आणि वर कन्नड. कुणी त्याला गाणं जोडलं, कुणी खाली रडणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लावल्या. पहिले काही दिवस सगळं कौतुकाचंच होतं. लोक तळ्यावर येऊन तिच्याबरोबर फोटो काढू लागले. एका सभेत व्यासपीठावर नुसतं बसण्यासाठी आमंत्रण आलं. कुठल्या कुठल्या गावांतून लग्नाच्या मागण्या आल्या. त्यांतल्या एकानं लिहिलं होतं, तुमच्यासारखी बायको म्हणजे पुण्याचं काम.

"मी काय त्यांनी जिंकलेली ढाल आहे का?" हाजरा बाईंना म्हणाली. "मी नमाज पढते, हे त्यांना पुरत नाही. मी गोरी असून पढते, याचा त्यांना आनंद आहे."

बाई म्हणाल्या, "चार दिवस बोलतील. मग दुसरं काही सापडेल त्यांना."

दुसरं काही सापडलं, पण तेही तिच्याच बाबतीत. हिला कुणी बाटवलं, पैसे कोण पुरवतं, तळ्याच्या नावाखाली ही हेरगिरी करते का, असं विचारणारे उगवले. व्हिसा तपासा, परत पाठवा. संस्थेच्या नावानं तक्रारी गेल्या. साहेबांनी हाजराला बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं, की काही दिवस तळ्यावर न जाता घरूनच अहवाल लिहावेत, तिच्याच सुरक्षेसाठी.

भाद्रपदात रविकिरणची बायको सुखदा हळदीकुंकवाला सासूकडे आली. सुखदा पुण्याची, मनानं निर्मळ, आणि हातात कायम फोन. हाजरा नेहमीसारखी खाली आली होती. गौरीपासून जरा बाजूला, खुर्चीवर बसून ती ओबट्टू, म्हणजे इकडची पुरणपोळी, खात होती. सुखदानं फोटो काढला. खाली इंग्रजीत लिहिलं, की ज्यांना या बाईबद्दल बोलायचं आहे त्यांनी आमच्या घरी येऊन बघावं ती किती गोड आहे. पुढचा फोटो फाटकाचा होता. रांगोळी छान आली होती म्हणून काढलेला. रांगोळीच्या वर घराचं नाव आणि नंबर.

संध्याकाळपर्यंत तो फोटो हजार ठिकाणी पोचला. आता दोन्हीकडचे तुटून पडले. कालपर्यंत तिला बहीण म्हणणारे विचारू लागले, ही कसली मुसलमान, मूर्तीच्या शेजारी बसून प्रसाद खाते. दुसरे म्हणाले, हिंदूंच्या घरात शिरून आता म्हातारीला बाटवेल. सुखदानं लिहिल्याप्रमाणे लोक खरोखरच घरी येऊन बघू लागले. फाटकाशी उभे राहायचे, मोबाइल वर धरायचे. "अक्का, तिला बाहेर पाठवा, एकच प्रश्न आहे," असं एकजण रोज म्हणायचा. पोलीस आले, त्यांना हटवून गेले, आणि जाताना एका शिपायानंही वरच्या खिडकीचा फोटो घेतला.

सुखदानं पोस्ट काढून टाकली आणि सासूपुढे रडली. "आई, मी चांगल्यासाठीच केलं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "चांगल्यासाठी केलंस म्हणूनच तुला बोलताही येत नाही."

मग कुणीतरी नॉर्वेतले जुने फोटो उकरून काढले. विशीतली मारित, पोहायच्या कपड्यात, मैत्रिणींबरोबर, हातात बिअरचा ग्लास. ते पसरवले तिच्याच कौतुकवाल्यांनी. आधी कशी होती आणि आता कशी झाली, हे दाखवायला. तिच्या आईचं खातं शोधून लोक त्या म्हातारीला लिहू लागले. काहींनी अभिनंदन केलं, काहींनी शिव्या दिल्या. आईनं फोन करून लेकीला विचारलं, "तुझ्या देवाला तू एकटी पुरत नव्हतीस का, म्हणून माझं दारही दाखवलंस?" हाजरानं हे बाईंना सांगितलं तेव्हा ती रडली नाही. चहाचा कप हातात तसाच धरून बसली.

रविकिरण येऊन बसला. "आई, तिला दुसरीकडे बघायला सांग. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आपलं घर फिरतंय. ऑफिसात लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"आई, प्लीज. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण उद्या कुणी दगड मारला तर तो तुला लागेल."

"तिचं चुकलं नसेल तर तिनं का जावं?" बाई म्हणाल्या. रविकिरण उठून निघून गेला. बाईंना वाटलं, आपण ठाम राहिलो. पण त्या दिवसापासून त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. देवळात जाताना मागच्या बोळातून जायच्या. समोरच्या कौशल्याबाई पूर्वी रोज भाजी निवडायला यायच्या, त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. बाईंनी वर जाणंही कमी केलं. हाजराची पावलं जिन्यात वाजली की त्या आतल्या खोलीत जायच्या, आणि का, हे त्या स्वतःलाही सांगत नसत.

एका सकाळी औषधं आणायला जाताना हाजरानं स्कार्फ बांधला नाही. रेनकोट घातला, त्याची टोपी कपाळापर्यंत ओढली. ओळखू येऊ नये एवढाच हेतू. दुकानात टोपी मागे सरकली आणि सोनेरी केस मोकळे झाले. मागे उभ्या असलेल्या माणसानं तेवढंच टिपलं.

दुपारपर्यंत लोकांच्या लेखी ती इस्लाम सोडून 'परत आली' होती. एका बाजूनं पेढे वाटल्याची चित्रं टाकली. दुसऱ्या बाजूनं तिला काय शिक्षा व्हावी याची चर्चा झाली, आणि त्यात कालपर्यंत लग्नाची मागणी घालणारेही होते. ती औषधं कशासाठी आणायला गेली होती, हे कुणीच विचारलं नाही. कित्येक दिवस तिला झोप येत नव्हती.

संध्याकाळी हाजरा खाली आली. स्कार्फ नेहमीसारखा बांधलेला.

"अक्का, मी जाते."

प्रमोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कुठं जाणार?"

"माझा चेहरा कुणाला माहीत नसेल अशा ठिकाणी. तुम्ही भूगोल शिकवलात. आहे का असं एखादं?"

बाईंनी खरंच विचार केला. जन्मभर मुलांकडून नकाशे भरून घेतले होते, पण त्यांना एकही नाव सुचलं नाही. याच वेळी म्हणायला हवं होतं, जाऊ नकोस, मी आहे. शब्द तोंडात आले होते. हाजरा थांबली होती, जरा जास्तच वेळ थांबली होती. बाईंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"सरी," शेवटी हाजराच म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.

दोन बॅगा घेऊन ती गेली त्या दिवशी बाई फाटकापर्यंत गेल्या. देवनहळ्ळीच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी काही दिवस राहून ती पुढे जाणार होती. पुढे कुठं, ते तिनं सांगितलं नाही. टॅक्सी वळल्यावर बाईंनी फाटक लावलं आणि ओट्यावर बसल्या. गल्लीत कुणी नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्यांना इतकी किळस आली, की त्या उठून आत गेल्या.

हाजराचा नंबर बंद झाला. वरच्या मजल्यावर नागपूरचं एक तरुण जोडपं आलं. ती मुलगी घर बघायला आली तेव्हा दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, हेच का ते घर?" आणि हो म्हटल्यावर तिचे डोळे चमकले.

दिवाळीत सुखदा आली. सोफ्यावर पाय घेऊन फोन बघत बसली होती. फोनमधला माणूस ओरडून सांगत होता, की ती नॉर्वेची बाई आता तुर्कस्तानात असून तिनं तिसऱ्यांदा धर्म बदलला आहे.

"बंद कर ते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"मी काही शेअर नाही करत, आई," सुखदा म्हणाली. "नुसतं बघतेय."