खडीत वाढलेला काळा सेडम

मित्रांनो, मी एक जुना सेडम आहे. दरवर्षी वाळणारं आणि पुन्हा मुळातून फुटणारं, जाड रसाळ पानांचं झाड. माझी पानं काळपट जांभळी. नवख्या माणसाला वाटतं, हा करपला. उन्हाळा सरताना गुलाबी फुलांचे झुबके आले, की तीच माणसं तोंडात बोट घालतात.

मला लावलं एका गवंड्यानं, घराच्या भिंतीकडेला, कामावरून उरलेल्या खडीत. कोवळे शेंडे तो वेळेवर खुडायचा, म्हणजे मी उंच होऊन कोलमडत नसे. खत कधी नाही, पाणी कधीतरी. त्याच्यावर मी जाम खूश होतो.

मग तो परांचीवरून पडला आणि अंथरुणाला खिळला. पायाचं हाड जुळल्यावर डॉक्टरांनी काठी दिली, चालायला सांगितलं. पण तो उठू लागला, की बायको आधीच धावायची. पाणी, जेवण, कंगवासुद्धा हातात. त्याचं मन रमावं म्हणून तिनं मलाही उपटून कुंडीत लावलं आणि त्याच्या उशाशी ठेवलं. भरपूर खत, रोज पाणी. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिनं आम्हा दोघांना. तिची माया अफाट, त्यात शंका नाही. पण माझी पानं हिरवी पडली, देठ लिबलिबीत होऊन कुंडीबाहेर लोंबले. त्याचा पायही काटकुळा होत चालला.

एकदा तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"अगं, याला खडीत ने परत. ऊन खाऊ दे. आणि सारखं पाणी घालू नकोस."

"अहो, मरेल की तो."

"इथं मरतोय," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मीपण."

त्याच संध्याकाळी तिनं मला बाहेर लावलं.

उन्हानं मी पुन्हा काळा झालो. एका सकाळी गवंडी काठी टेकत एकटाच बाहेर निघाला. मध्येच अडखळला. बायको दारात होती. तिनं चौकट घट्ट धरली, पण जागची हलली नाही. तो माझ्यापर्यंत पोचला आणि पान चाचपून म्हणाला, "झाला बघ काळाकुट्ट." तिला रडू आवरेना.

मित्रांनो, ज्याला जपता, त्याला काय हवं ते आधी बघा, एवढंच माझं मागणं. पाणी घालणं सोपं असतं. त्या सकाळी ती चौकट धरून उभी राहिली, त्याहून अवघड काम मी कुणाला करताना पाहिलं नाही.