खुंटा बसला, खुंटा उठला

या, टेका इथं. खुर्ची डुगडुगते, पण आजवर कुणाला पाडलं नाही तिनं. बसलात? बरं झालं, कारण गोष्टच बसण्याची आहे. एक माणूस बसला आणि त्याच्या बसण्यानं अख्ख्या मैदानाच्या पोटात हसून हसून कळा आल्या, त्याची. खोटं एक अक्षर सांगणार नाही. थोडं वाढवून सांगेन, तेवढं चालवून घ्या.

दोरखंडाचा कारखाना होता. जहाजं बांधायला लागतात तसले मनगटाएवढे दोर तिथं वळायचे. आता दोरवाले खेळून खेळून काय खेळणार? रस्सीखेच! मालकाला भारी नाद. माणूस कामाला घेताना कागदपत्रं नंतर, आधी दंड दाबून बघायचा. असे निवडून आठ जण घेतलेले. चार दिवस दोर वळायचा, दोन दिवस ओढायचा, आणि पगार सहाही दिवसांचा.

त्या आठातला सगळ्यात शेवटचा, दोर कमरेला वेढून घेणारा, तो आपला खुंटा. पाळण्यातलं नाव काय होतं ते बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. अंगानं असा की वजनकाट्यावर चढला की काटाच म्हणायचा, "पुरे, कळलं." पुढचे सात घसरोत, पडोत, लोळोत. खुंटा हलला नाही तर संघ हलला नाही.

या गड्याची एक खोड होती. राष्ट्रगीत. सामन्याआधी ते लागतं ना? कर्ण्यातून नुसती खरखर आली की हा उभा. सुरांची वाटसुद्धा बघायचा नाही. एकदा न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेली, आणि रेडिओवर राष्ट्रगीत लागलं. हा ताडकन उभा! न्हावी वस्तरा हवेत धरून बिचारा थिजला. डोळे तर दरवेळी भरायचे. कुणी विचारलं की म्हणायचा, "धूळ गेली." बंद खोलीतसुद्धा धूळच जायची त्याच्या डोळ्यात.

आणि एक दिवस मालकाला काय सुचलं देव जाणे. सिमेंटच्या पाइपवाल्यांचा संघ राष्ट्रगीताला एका रेषेत उभा राहतो, अगदी आखल्यासारखा, हे त्यानं कुठंसं बघितलं. झालं! दुसऱ्या दिवशी हजेरीच्या फळ्यावर नोटीस. प्रत्येक खेळाडूने राष्ट्रगीताला उभे राहिलेच पाहिजे. गीत संपेपर्यंत जो कोणी बसेल अथवा हलेल, त्याला संघातून आणि कामावरून कमी करण्यात येईल. खाली सह्या करा.

सात जणांनी केल्या. खुंट्यानं नोटीस वाचली. परत वाचली. कान लाल झाले त्याचे. मग पेनाला टोपण लावून पेन कारकुनाच्या हातात परत दिलं.

"अरे, सही?"

"नाही करत."

"वेडा का काय? तू तर सगळ्यांच्या आधी उभा राहतोस!"

"म्हणूनच," खुंटा म्हणाला आणि कामाला गेला.

शनिवारी सामना. खरखर आली, सूर निघाले, आणि खुंटा, आपला खुंटा, मातीत फतकल मारून बसला! गुडघ्यांना मिठी, मान खाली, डोळ्यात धूळ. बसला, पण धूळ गेलीच.

मालकानं बोलावलं. मालक म्हणजे लवंगी मिरची. खुर्चीत बसला की टेबलावर फक्त डोकं दिसायचं, पण आवाज गेटपर्यंत.

"काय रे, पायात गोळे आले?"

"नाही मालक."

"मग देशावर रागबिग आहे?"

"देशावर कशाला? त्यानं कुठं नोटीस लावलीय? तुम्ही लावलीत."

"एक मिनिट उभं राहायला तुझं काय जातं?"

"काही नाही जात. आजवर आपणहूनच राहत होतो. मालक, तुम्ही रोज सकाळी आईच्या पाया पडता ना?"

"पडतो. त्याचं काय?"

"उद्या वहिनींनी भिंतीवर नोटीस लावली, पाया पडला नाहीत तर जेवण बंद. मग पडाल?"

मालकानं टेबलावर मूठ आपटली. "पडेन! भूक लागली तर पडेन!"

"मग ते जेवणाच्या पाया पडणं झालं की."

मालकाचा नुसता भडका. "शहाणपणा पुरे! मैदानात तू माझ्या कारखान्याचा सदरा घालून उतरतोस. लोक तुला नाही बघत, माझ्या सदऱ्याला बघतात. माझा सदरा बसणार नाही!"

"मग सदरा काढून बसू?"

"दुसरं काही मावतं का तुझ्या अंगाला! ऐक, रविवारी अंतिम सामना. उभा राहिलास तर ठीक. नाही तर सोमवारी गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. बाहेर पडल्यावर खुंटा जिन्याच्या पायरीवर टेकला, आणि तो टेकला की जिनासुद्धा कण्हतो. दुसरीकडं कोण ठेवणार त्याला? शिक्षण बेताचं, हातात दोर सोडून दुसरं कसब नाही. आणि उभं राहायचं म्हटलं तर आतून काहीतरी खाली ओढायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घरी बायको. तीही त्याच कारखान्यात, दोराची टोकं जोडायच्या खात्यात. तिनं जोडलेला सांधा डोळे मिटून बोट फिरवलं तरी सापडायचा नाही. सगळे तिला जोडणीबाई म्हणायचे.

"अहो, बसून काय अंडी उबवणार आहात?" ती म्हणाली.

"तू पण म्हणतेस, उभा राहा?"

"मी कशाला म्हणू? मी म्हटलं तर तुम्ही आडवेच व्हाल."

"आणि काम गेलं तर?"

"तर घरी राहा. छत एका बाजूनं खचलंय, खाली उभे करीन तुम्हाला." एवढं बोलून ती हसली, मग त्याचा परातीएवढा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिली. तिलाही भीती वाटत होतीच की.

आता एक बारीकशी गोष्ट मध्येच सांगतो, ती लक्षात ठेवा. मागच्या वर्षी सामन्यात राष्ट्रगीत अर्ध्यावर बंद पडलं होतं, आणि पाइपवाल्यांनी मालकाची टर उडवली होती. म्हणून यंदा मालकानं जोडणीबाईला बोलावलं. "बाई, तुमच्या हातचं आजवर काही तुटलं नाही. गाणं वाजवायचं काम तुमच्याकडं. काही करा, पण मध्ये तुटता कामा नये."

"नाही तुटणार," बाई म्हणाल्या.

रविवार उजाडला. मैदान माणसांनी भरलं. ऊन असं की डोक्यावर पापड भाजावा. नोटिशीची एक प्रत मालकानं मुद्दाम कर्ण्याच्या खोक्यावर चिकटवून ठेवली, खुंट्याला दिसेल अशी. तिथला रिवाज असा की आधी दोन्ही संघांनी दोर ताणून धरायचा, मग राष्ट्रगीत, मग पंचाची शिट्टी, की लगेच ओढ. त्याप्रमाणं इकडं आठ, तिकडं आठ, मधे दोर. पंच शिट्टी दातांत धरून तयार. इकडं आपला मालक, समोर पाइपवाल्यांचा ढेरपोट्या मालक, दोघं छाती काढून.

खरखर आली. सगळे ताठ. खुंटा कमरेच्या दोरासकट खाली बसला. मालकानं डोळ्यांनीच सांगितलं, संपलास तू. खुंट्यानं मान खाली घातली. एक मिनिट गेलं, राष्ट्रगीत शेवटाला आलं, पंचानं शिट्टी फुंकायला छाती भरली, आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

म्हणजे परत. पहिल्यापासून. मधे श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही!

त्याचं असं झालं होतं. दोरखान्यात माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवतात? एका पदरावर भार टाकायचा नाही. एक पदर तुटला तर दुसरा धरतो. जोडणीबाईंनी मोबाइलवाल्याच्या दुकानात जाऊन राष्ट्रगीत एकामागं एक चाळीस वेळा भरून घेतलं होतं. आणि मधल्या फटी? सांध्यात फट राहिली तर जोडणीबाई कसल्या! सगळ्या कापून टाकलेल्या. शेवट कुठं नि सुरुवात कुठं, कानानं चाचपून सापडायचं नाही.

दुसरं संपलं, तिसरं लागलं. लोक एकमेकांकडं डोळे फिरवायला लागले. कोण हलणार? आपला मालक मनात म्हणे, ढेरपोट्या हलू दे आधी. ढेरपोट्या म्हणे, ही मिरची हलू दे आधी. चौथ्याला मालकाच्या नाकावर माशी बसली. नाकावरून ओठावर, ओठावरून परत नाकावर, पार बिऱ्हाड मांडलं तिनं. पाचव्याला पंचाला धाप लागली, आणि दातातली शिट्टी श्वासाबरोबर वाजायला लागली. फी... फी... फी...

सगळ्यात पुढच्या गड्याचे खांदे हसण्यानं गदगदायला लागले. त्याचं बघून दुसऱ्याचे. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यातून पाणी, आणि ताणलेला दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा थरथरतोय!

मालकानं ओठ न हलवता दातांतून हाक मारली. "बाई... बंद करा..."

यंत्राच्या बाजूलाच, हातभर अंतरावर, जोडणीबाई ताठ उभ्या. त्याही ओठ न हलवता म्हणाल्या, "कशी करू? नोटिशीत 'जो कोणी' असं लिहिलंय, मालक. हलले तर काम जाईल."

सहावं लागलं. आता हजार माणसांत हलायला मोकळा असा एकच जण होता. मालकाचे डोळे फिरत फिरत त्याच्यावर आले.

"खुंट्या... ऊठ."

"नाही म्हटलं ना मालक."

"अरे उभं राहायला नाही! बंद करायला ऊठ!"

"मी कसा उठू? मी आता तुमचा माणूस नाही. सोमवारी गेट बंद आहे मला. परक्याच्या यंत्राला हात लावावा का?"

"गेट उघडं आहे! ऊठ!"

"आणि नोटीस?"

"फाडतो!"

"हात न हलवता?"

माशी मालकाच्या नाकपुडीपाशी पोचली होती. "तू फाड, बाबा," मालक जवळजवळ रडत म्हणाला. "तुझ्या हातानं फाड. पण ऊठ रे!"

आणि खुंटा उठला.

पण कमरेला दोर होता, तो विसरला गडी! निघाला तरातरा यंत्राकडं. त्याच्या पाठीमागं आपले सात जण ताठच्या ताठ, दोर हातात, घसरत निघाले. त्यांच्या मागं पाइपवाले आठ. दोर सोडावा तर हललो, पाय रोवावा तर हललो! लग्नातले फोटो काढल्यासारखे सरळ उभे राहून, मान वर करून, पंधरा पुतळे मैदानातून सरकत चाललेत. मधली चुन्याची रेघ ओलांडून पाइपवाल्यांचा शेवटचा गडीसुद्धा इकडं आला. त्यांचा ढेरपोट्या मालक न राहवून ओरडला, "अरे रोवा की पाय!" म्हणजे आधी हलला तोच. आपल्या मालकानं तेवढ्यात माशी मारून घेतली. स्वतःच्या नाकावर. सणसणीत.

खुंट्यानं यंत्र बंद केलं. खोक्यावरची नोटीस सोलून काढली आणि चार तुकडे करून खिशात घातले.

अख्खं मैदान मटकन खाली बसलं. कुणी पोटऱ्या चोळतोय, कुणी पोट धरून लोळतोय, पंचाला तर उचकी लागली. आणि मग हळूहळू हसणं विरत गेलं, कारण सगळ्यांच्या लक्षात आलं की एकच माणूस बसला नाही.

राष्ट्रगीत अर्ध्यावर तुटलं होतं. खुंटा यंत्रापाशी ताठ उभा होता, दोन्ही हात अंगाला चिकटवून. अर्धवट कसं सोडायचं? जिथं तुटलं तिथून त्यानं आपल्या तोंडानं उचललं. आवाज म्हणाल तर तेल न घातलेली कप्पी. सूर एकीकडं, हा दुसरीकडं. पण शब्द एक चुकला नाही. जोडणीबाईंनी सूर धरला. मग सात जण उठले, मग पाइपवाले, मग माणसांची लाटच उठली. कुणी कुणाला सांगितलं नाही. मालक मातीत बसून पोटरी चोळत होता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, सदरा झटकला, आणि तोही उठून गायला लागला. नाक लालभडक.

संपलं तेव्हा खुंट्यानं बाहीनं डोळे पुसले. "धूळ," मालक त्याच्याकडं न बघता म्हणाला, आणि आपलेही पुसले.

सामना? पंचानं परत घ्यायला लावला, पुतळे ओढलेले मोजत नाही म्हणाला. हरलो आम्ही. आपल्या गड्यांना पुन्हा पुन्हा हसू फुटत होतं, आणि हसणाऱ्या माणसाच्या अंगात ताकद कुठली? खुंटासुद्धा घसरला त्या दिवशी, एकदाच आयुष्यात. सोमवारी गेट उघडं होतं. फळ्यावर नोटिशीच्या जागी चहाच्या सुट्टीची वेळ लागली, तिथं मात्र सगळे नेमानं हजर असतात.

तर आता एक विनंती आहे तुम्हाला. ते बघा, दारातून आत येतोय ना, दाराएवढाच, पाठीमागं बायको? तोच. त्याच्या गुडघेदुखीनं आता उचल खाल्लीय, आणि इथं खुर्ची एकच आहे, तुमची. तेवढी द्याल का त्याला? पण मी सांगितलं म्हणून उठू नका हं.